असलास काय, नसलास काय

एका रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला विशाखा तांबे आपल्या चाळीचा जिना चढत होती, आणि दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर तिला एका पुरुषाचं हसणं ऐकू आलं. मोठं, मोकळं, मधेच ठसका लागला तरी न थांबणारं. तिला वाटलं, शेजारच्या सीताराम परबांकडे गावाहून कुणी आलं असेल. त्यांच्याकडे सावंतवाडीचं कोणी ना कोणी असायचंच. ती आणखी दोन पायऱ्या चढली. मग तोच माणूस म्हणाला, "नाय ओ भाऊ, कायतरीच काय!" आणि तिचे पाय होते तिथे थांबले. हसणारा प्रसेनजित होता. तिचा नवरा.

आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. साडेपाच वर्षं तिने ह्या एका आवाजाची वाट पाहिली होती. डॉक्टरांना दर महिन्याला सांगितलं होतं, जेवतात आता थोडं, अंघोळ करतात, पण हसत नाहीत हो. आणि आता गॅलरीत उभा राहून तो सीतारामभाऊंच्या कसल्यातरी फालतू विनोदावर हसत होता, आणि तिच्या छातीत राग उठला. स्वच्छ, सरळ राग. आता हसतोस? मी घरात नसताना? मग त्या रागाखालून भीती आली, आणि मग काहीच नाही. ती पायरीवरच बसली. हातात कोथिंबिरीची जुडी होती. खालून परबांची कांतावहिनी दळण घेऊन वर येत होती. तिने डबा पायरीवर टेकवला. "काय गो विशाखा, चक्कर इली?"

"नाही वहिनी. जरा दम लागला."

"ऐकलंस? हसतासा तुझो घोव." कांतावहिनीचे डोळे भरून आले होते. "तुझ्या कष्टाचा चीज झाला गो बाय."

विशाखाने मान हलवली. चीज झालं. हे शब्द ती पुढचे कितीतरी दिवस तोंडात घोळवत राहणार होती, आणि त्यांना कसलीच चव लागणार नव्हती.

ती घरात शिरली तेव्हा प्रसेनजित गॅलरीतून तिच्या मागोमाग आत आला, चहा टाकू का म्हणाला. ती नको म्हणाली. बोलताना तिची नजर आपोआप भिंतीकडच्या खाटेकडे गेली, आणि आवाज आपोआप खाली आला. खाट रिकामी होती. चादर नीट घातलेली होती, उशी उन्हात टाकलेली होती. ती त्यानेच टाकली असणार. तरीही ती खाटेला वळसा घालून, पाय न वाजवता स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. तिच्या लेखी तिथे कुणीतरी अजून झोपलेलं होतं. चहा विचारणारा हा माणूस दुसराच होता, शेजाऱ्यांकडे आलेला, बरा दिसणारा, निळ्या शर्टातला. खाटेवरचा तिच्या ओळखीचा होता. त्याची पाठ, मानेवरचे वाढलेले केस, भिंतीकडे वळवलेलं तोंड, बनियनचा घामट वास. त्याला कधी तहान लागते हे त्याच्याआधी तिला कळायचं. कुकरची शिट्टी होऊन तो दचकू नये म्हणून शिट्टीच्या आधी गॅस बारीक करायची तिच्या हाताला सवय होती. त्या दुपारी भात लावताना तिने तेच केलं. "होऊ दे ना शिट्टी," निळ्या शर्टातला माणूस म्हणाला. तिने ऐकलं नाही.

सुरुवात कधी झाली, हे तिला सगळे विचारत. झालं काय पण नक्की? नोकरी गेली होती? भांडण झालं होतं? माझगावला जहाजांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका कारखान्यात तो फिटर होता, मुकादम राजारामचा लाडका माणूस. चाळीच्या मंडळाच्या वाचनालयात तोच पुस्तकं लावायचा, आणि तिथेच त्यांची ओळख झाली होती. सासूबाई, राधाबाई, असेपर्यंत ती त्यांच्यासमोर त्याला अहो म्हणायची आणि दार लोटलं की तू. लग्न झालं, मनाली झाली, सासूबाई गेल्या. सगळ्यांचं चालतं तसं चाललं होतं. काही झालं नव्हतं. २०१८ च्या नोव्हेंबरात एका सोमवारी तो उठला नाही, इतकंच. ती लोकांना हेच सांगायची: काही झालं नव्हतं हो, एका सोमवारी उठलेच नाहीत. पण हे खरं नव्हतं. त्या सोमवारच्या तीन आठवडे आधी एक गोष्ट झाली होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती, आईला नाही, डॉक्टरांना नाही.

मनाली तेव्हा दहा वर्षांची होती, तिला ताप होता. विशाखाची हॉस्पिटलात सकाळची पाळी. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती रक्त काढायच्या खोलीत होती, अजूनही होती. प्रसेनजितने त्या दिवशी मुलीसाठी सुट्टी घेतली होती. जाताना तिने औषधाची बाटली टेबलावर काढून ठेवली, किती वाजता किती द्यायचं ते कागदावर लिहिलं. तीन वाजता आली तर बाटली तशीच, झाकणही उघडलेलं नाही. पोरगी तापाने बरळत होती आणि तो तिच्या उशाशी बसला होता. बसला होता, तिच्याकडे बघतही होता. औषध का नाही दिलंस, तर म्हणाला, "राहिलं." राहिलं! तिने मुलीला उचललं, डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवली आणि मागे न वळता म्हणाली, "तू घरात असलास काय आणि नसलास काय, सारखंच आहे. कधीतरी नसलासच तर निदान मला माहीत तरी असेल." आवाज चढवला नव्हता. ओरडली असती तर ते भांडण झालं असतं, आणि भांडणातलं बोलणं विसरता येतं. हे तिने शांतपणे, विचार करून ठेवलेलं असावं तसं म्हटलं होतं. त्याने मान हलवली, हळूच, पटल्यासारखी. ते मान हलवणं तिच्या पाठीला दिसलं नव्हतं. समोरच्या कपाटाच्या आरशात दिसलं होतं. आणि तीन आठवड्यांनी तो उठला नाही.

मग जे सुरू झालं त्याचं कौतुक सगळी चाळ करत होती. तिने त्याला भरवलं. दाढी करून दिली. घरातल्या धारदार वस्तू उचलून परबांकडे नेऊन ठेवल्या, आणि का ते कांतावहिनीने कधी विचारलं नाही. पहिलं औषध लागू पडलं नाही, दुसऱ्याने तो नुसता झोपला. मग टाळेबंदी आली आणि काही महिने त्यांचं घर सगळ्या जगासारखं झालं. सगळ्यांचेच नवरे घरात, सगळेच खाटेवर. तेवढाच काळ तिला हलकं वाटलं होतं. हॉस्पिटलात मात्र तिला जावंच लागायचं, मास्क, चष्मा, घाम, आणि घरी आल्यावर आधी न्हाणीत आणि मग त्याच्याकडे. बहिणीने एकदा स्पष्टच म्हटलं, तू अजून किती करणार, माणसाला काही सीमा असते. विशाखा तिच्यावर खेकसली. बहिणीला काय माहीत की सीमा तिच्यासाठी नव्हती. ज्याने केलं त्याने निस्तरायचं. डॉक्टर बाईंनी एकदा विचारलं होतं, आजाराच्या आधी तुमचं दोघांचं कसं होतं? विशाखा चटकन म्हणाली, चांगलं होतं. डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं. परतताना ती विचार करत राहिली, होतं का? त्या आधीच्या वर्षभरात आपण त्याच्याशी कशाबद्दल बोलत होतो? भाजी, शाळा, नळ. रात्री तो पाठ फिरवायचा की आपण? तो गप्प झाला म्हणून आपण तुटक झालो, की आपण तुटक होतो म्हणून तो गप्प झाला? एक धागा ओढायला गेलं की दुसरा हातात यायचा आणि तो ओढला की पुन्हा पहिला. त्या दोन्हींच्या मुळाशी तिला नेहमी तेच वाक्य सापडायचं. तिने त्याला ते म्हटलं आणि तो नसल्यासारखा झाला. तिने सांगितलं तसाच झाला. असं आपलं कुणी कधीच ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या औषधाने फरक पडला, पण तो इतका सावकाश की त्याची एक तारीख सांगता येणार नाही. मागच्या हिवाळ्यात तो स्वतःहून खाली दूध आणायला गेला. मग राजारामने बोलावून घेतलं, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. आणि त्या हसण्याच्या दुपारनंतर तर तो भराभरा बरा होत गेला, रोज काहीतरी नवीन. गॅलरीतला गळका नळ दुरुस्त केला. मनालीच्या कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म तिच्याशेजारी बसून भरला. परबांकडे नेऊन ठेवलेल्या वस्तू एके दिवशी स्वतः जाऊन परत घेऊन आला, त्याबद्दल एक शब्दही न बोलता, आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या. एका रविवारी त्याने विशाखाच्या खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी. ती आकसली. त्याने हात काढून घेतला, सॉरी म्हणाला. तिला त्याची कीव आली नाही. तिला वाटलं, हा कोण? ह्याला मी कशी आवडते, ह्याला माझ्याबद्दल काय माहीत? ज्याला माहीत होतं तो खाटेवर होता, आणि हा त्याच्या उशा उन्हात टाकत सुटला होता. नवरा बरा होण्यात आपली काहीतरी वस्तू हरवली आहे असं तिला सारखं वाटे, आणि असं वाटणाऱ्या बाईला काय म्हणायचं, तो शब्दही तिला ठाऊक होता.

जूनमध्ये तिचा हात फसला. बावीस वर्षं ती शिरा शोधत होती, लहान मुलांच्या, केमो झालेल्यांच्या, कुणाच्याही. डोळे मिटूनही बोटाला शीर सापडायची. त्या दिवशी शिवडीहून आलेले एक म्हातारे बाबा होते, गोदीतून निवृत्त झालेले, हातावर शिरा दोरीसारख्या ठसठशीत. मूठ घट्ट करा बाबा, ती म्हणाली. सुई आत गेली आणि रक्त आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिला ती शीर दिसत असूनही आपलं बोट तिच्यावर आहे की नाही हेच कळेना. बाबा म्हणाले, "होऊ द्या सावकाश. मला कुठे जायचंय?" ती तिथेच स्टुलावर बसून राहिली, सुई हातात धरून. रडू येईना. काहीच येईना. दुसरीने येऊन काम पुरं केलं. घरी जा, आराम कर, सगळ्या म्हणाल्या. इतकी वर्षं ताण होता, आता तो बाहेर पडतोय. विशाखा घरी गेली आणि चपला काढून सरळ त्या खाटेवर जाऊन आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून. भिंतीत काय होतं, हे तिला कधीपासून बघायचं होतं. भिंतीत काहीच नव्हतं. रंगाचा पोपडा होता, आणि त्याखाली जुना रंग.

गुरुवारी ती कामावर गेली नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी सकाळी मनाली क्लासला गेली आणि प्रसेनजित गेला नाही. त्याने राजारामला फोन करून आज जमणार नाही सांगितलेलं तिने ऐकलं. मग त्याने स्टूल ओढलं. स्टुलाचा आवाज झाला आणि ती दचकली नाही, हे तिचं तिलाच लांबून जाणवलं.

"किती दिवस झाले?" तो म्हणाला.

"कसले?"

"मला शिकवू नकोस विशाखा. मी ह्याच गावचा आहे."

त्याला घाई नव्हती. गप्प कसं बसायचं हे त्याच्याइतकं कुणाला येत होतं?

"मनू घरी येईपर्यंत बसून राहीन मी," तो म्हणाला. "उठून अंघोळ कर वगैरे म्हणणार नाही. मला ते ऐकून काय व्हायचं ते माहीत आहे."

तेव्हा तिने भिंतीकडे बघतच सांगितलं. तो दिवस, औषधाची बाटली, ते वाक्य, शब्दाला शब्द. इतकी वर्षं मनात ठेवून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की बाहेर येताना कुठेच अडलं नाही. "मी म्हटलं आणि तू पडलास," ती म्हणाली. "मी केलं ते. लोक मला काय काय म्हणतात, मूर्तिमंत त्याग म्हणतात. मी शिक्षा भोगत होते. आणि तू मजेत हसायला लागलास, आणि मला वाटलं, माझी संपली का? कुणी सांगितलं मला की संपली?"

स्टूल किरकिरलं. तो उठून जाईल असं तिला वाटलं. तो गेला नाही.

"आठवतं मला ते," तो म्हणाला. "चांगलं आठवतं. तू हिरवा ड्रेस घातला होतास." मग एकेक शब्द तपासून घेत असल्यासारखा तो बोलू लागला. "तोवर मला सहा-सात महिने झाले होते. मार्चपासून मी नव्हतोच गं. कामावर जायचो, पाना हातात घ्यायचो, घरी यायचो, जेवायचो. पण मी नव्हतो. आणि कुणालाच दिसत नव्हतं. राजारामला नाही, तुला नाही. मनूच्या उशाशी बसलो होतो तेव्हा ती बाटली मला दिसत होती. हात उचलायचा होता. उचलेना. आणि तू आलीस, म्हणालीस, असलास काय नि नसलास काय. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, चला. कळलं हिला. कुणाला तरी दिसलं. म्हणून तर पडलो. तोवर पडायचीसुद्धा चोरी होती."

तिने कूस बदलली. त्याच्याकडे बघितलं. त्याच्या दाढीत पांढरे केस होते, ते तिने पाहिले नव्हते. ह्या क्षणी हलकं वाटायला हवं, हे तिला पुन्हा एकदा कळलं, आणि पुन्हा एकदा तसं काही झालं नाही. उलट पायाखालची फरशी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं. ती शिक्षा जड होती, पण विशाखा उभी होती ती तिच्यावरच. "मग मी साडेपाच वर्षं काय केलं?" ती म्हणाली. "ते सगळं कशासाठी केलं?"

"मला वाटायचं, तुझा जीव आहे माझ्यावर म्हणून करतेस."

बाहेर गॅलरीत कांतावहिनी कपडे पिळत होती. पाणी खालच्या मजल्याच्या पत्र्यावर पडत होतं.

"नव्हता?" त्याने विचारलं.

"माहीत नाही." मग खोटं बोलायचीही ताकद नव्हती म्हणून ती म्हणाली, "आत्ता तर काहीच वाटत नाही. तुझ्याबद्दल नाही. मनूबद्दलही नाही. मला जाऊ दे प्रसेन. आईकडे, कुठेही."

त्याचा चेहरा पडला. तिला तो पडताना दिसला. हसणाऱ्या माणसाच्या जागी क्षणभर खाटेवरचा माणूस आला, तेच डोळे, तीच हनुवटी, आणि ती घाबरली. तो दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसला. "मला पण भीती वाटते," तो म्हणाला. "तुझं करता करता मी परत पडलो तर? रोज सकाळी उठल्यावर आधी तेच तपासतो, आहे का मी. आणि तू माझ्याकडे बघतेस ती मी मेल्यासारखी. समोर बसलोय आणि तू माझा दुखवटा पाळतेस." त्याने हात गुडघ्यांवरून उचलले. "जा तू आईकडे. थांबवत नाही. पण हे जे काही वाटत नाही म्हणतेस ना, त्यावरून काही ठरवू नकोस. तेव्हा मी ठरवलं असतं तर आज इथे नसतो. आधी मंगळवारी डॉक्टरकडे जाऊ. मग जा."

पुष्कळ वेळाने तिने पाणी मागितलं. त्याने आणून दिलं, आणि ग्लास तिच्या ओठाला लावायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "हातात दे."

मधल्या दोन दिवसांत त्याने जमेल तसा स्वयंपाक केला. भात खाली लागला. मनालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर एक जुनी, ओळखीची सावधगिरी आली. पाणी पिऊन झाल्यावर तिने भांडं फडक्यावर ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून. विशाखाला ते दिसलं. दिसलं, आणि खाटेवर पडल्यापासून पहिल्यांदा कुठेतरी खोल काहीतरी टोचलं. ती त्या टोचण्याकडे लक्ष ठेवून पडून राहिली, पुन्हा येतं का बघत.

मंगळवारी ते तिच्या हॉस्पिटलात गेले नाहीत. तिथे सगळे ओळखीचे. भायखळ्याच्या बाजूला एका दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी होती, तिथे बसने गेले. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी, मधे बोटभर जागा ठेवून. रांग मोठी होती. पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा, त्यांच्यापुढे एक जोडपं, एकमेकांशी न बोलणारं. त्यातलं आजारी कोण, हे विशाखा ओळखू पाहत होती आणि तिला ओळखता येत नव्हतं. बाई हसली तेव्हा वाटलं पुरुष, पुरुष उठून पाणी घेऊन आला तेव्हा वाटलं बाई. प्रसेनजितच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. त्यात बिस्किटांचा पुडा होता, आणि त्याची स्वतःची जुनी फाइल. ती कशाला आणलीस, ती म्हणाली. असू दे, तो म्हणाला, सवय आहे.

खिडकीशी नंबर आला. आतल्या माणसाने मान वर न करता कोरा केसपेपर पुढे ओढला.

"पेशंट कोण?"

"हे," विशाखा म्हणाली, आणि त्याच क्षणी प्रसेनजित म्हणाला, "मी."

माणसाने वर पाहिलं. "अहो, दोघांपैकी नक्की कोण? मागे रांग आहे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. प्रसेनजितचं तोंड अर्धवट उघडं होतं. मागचा कुणीतरी पुढे सरकला, तिच्या पाठीला धक्का लागला. तिने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं. ते गार आहे हे तिला कळत होतं.

"मी," ती म्हणाली. "लिहा. विशाखा."

"पूर्ण नाव?"

"विशाखा," ती म्हणाली, आणि तिथे अडली. पुढचं नाव ओठांवर यायला वेळ लागत होता. तो शेजारी उभा होता, ते नाव सुचवत नव्हता, नुसता वाट पाहत होता. रांग कुरकुरायला लागली.

"प्रसेनजित," ती शेवटी म्हणाली. "विशाखा प्रसेनजित तांबे."